पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे

गृहनिर्माण सोसायटीत माणसं कशावरून भांडतात, हे तुम्हाआम्हाला नव्याने सांगायला नको. पार्किंग, पाण्याचा टँकर, गळकी गच्ची आणि कोणाच्या तरी कुत्र्याचा स्वभाव, एवढ्यावर आपलं सगळ्यांचं व्यवस्थित चाललेलं असतं. नायगाव पूर्वेच्या ‘सागरछाया’ सोसायटीने मात्र त्याच्या पुढची मजल मारली. तिथले लोक मेलेल्या माणसांच्या उंचीवरून एकमेकांकडे तिरके बघू लागले.

झालं असं, की मागच्या कुंपणालगत, नाल्याच्या दिशेने उतरत जाणारी भरावाची एक पट्टी रिकामी पडली होती. तिथे ‘स्मृतिवन’ करायचं ठरलं. ज्याने त्याने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक रोप लावायचं, शेजारी नावाची स्टीलची पाटी रोवायची आणि रोप जगवायचं. कल्पना चांगली होती. मग कमिटी नेमली गेली. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला सगळी झाडं मोजायची आणि सर्वांत उंच झाडाच्या घराला ‘उत्कृष्ट संगोपन’ चषक द्यायचा, असं कमिटीने ठरवलं. आणि आपल्या आईवडिलांवर कोणाचं प्रेम किती, हे टेपने मोजायची सोय झाली.

कमिटीचे अध्यक्ष सुधाकर राऊत. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शांत, नीटनेटके गृहस्थ. ते मूळचे भुईगावच्या वाडीतले, म्हणून त्यांना बिनविरोध निवडून दिलं होतं. “तुमच्या तर रक्तातच झाडं आहेत,” असं सेक्रेटरी जितेंद्र म्हणाला होता आणि सुधाकररावांनी ते नाकारलं नव्हतं. वास्तविक कॉलेजला गेल्यापासून त्यांचा मातीशी आलेला संबंध म्हणजे पावसाळ्यात बुटाला लागेल तेवढाच. वाडी सांभाळली ती त्यांच्या मोठ्या बहिणीने, विनयाताईंनी. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता केळी, पानवेली अन् फुलझाडं यांना शिकवत होत्या.

सुधाकररावांचं रोप त्याच वाडीतून आलं होतं. वडिलांनी, म्हणजे काशिनाथ नानांनी, फाटकाशी लावलेल्या बकुळीखाली रुजलेलं. तिथे तशी दोन रोपं होती, एकाच उंचीची. त्यातलं एक ताईंनी भावाला दिलं. “नानांचं आहे, जप,” एवढंच म्हणाल्या. पाटी लागली, फोटो निघाला, ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

आणि वर्षभरात बकुळीने काय करावं? काहीच नाही. बकूळ मुळात सावकाश वाढणारी. शेजारच्या जागेतला बदाम आणि पलीकडचं शेवग्याचं झाड भराभर वर गेलं, आणि अध्यक्षांचे वडील मात्र गुडघ्याएवढेच राहिले. पहिल्या अमावास्येला टेप लावताना जितेंद्र हसला नाही. त्याने न हसण्याची जी काळजी घेतली, ती सुधाकररावांना जास्त लागली.

त्यानंतर त्यांनी वसईतल्या एका दुकानातून युरिया आणला. घरी तो साखरेच्या जुन्या डब्यात भरला आणि डबा माळ्यावर ठेवला. पावसाळा लागताच सकाळच्या फेरीला निघताना ते खिशातून मूठभर न्यायचे आणि इकडेतिकडे बघत बकुळीच्या आळ्यात सोडायचे. पाऊस पडून गेला की पुन्हा एक मूठ. शिवाय रोज एक तांब्या पाणी, न चुकता. बकूळ बघता बघता हिरवीगार झाली. पानं तळहाताएवढी, फांद्या लवलवत्या. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. “काका, काय घालता हो?” असं कोणी विचारलं की सुधाकरराव म्हणायचे, “वेळ देतो.”

एकदा मात्र पकडले गेले असते. बकुळीच्या खालच्या अंगाला, उतारावर, एलिसाचा फणस होता. एलिसा दुसऱ्या मजल्यावरची. नर्सची नोकरी करणारी. तिचा नवरा सेबॅस्टियन दोन वर्षांपूर्वी अचानक गेला, आणि फणस म्हणजे त्याचा जीव की प्राण, म्हणून तिने फणसच लावला. एके सकाळी ड्यूटीवरून परतताना ती तिथे उभी राहिली आणि तिला सुधाकररावांच्या मुठीतून पांढरे दाणे पडताना दिसले.

“अंकल, ते काय टाकता?” तिने सहज विचारलं.

“पक्ष्यांना दाणे,” सुधाकरराव म्हणाले. माणूस पस्तीस वर्षं विमा क्षेत्रात होता. उत्तर तयार असायचंच.

एलिसाने ते कौतुकाने चार जणांना सांगितलं. ग्रुपवर अध्यक्षांच्या भूतदयेवर दोन परिच्छेद आले. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःही ड्यूटीवर जाताना फणसापाशी मूठभर तांदूळ टाकू लागली. सुधाकररावांना ते जरा टोचलं, पण तांदळाने कोणाचं वाईट होत नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी विषय संपवला.

जुलैत पावसाने कहर केला. पूर्वी महिनाभर पुरवून पडायचा तेवढा चार-पाच दिवसांत ओतला. पट्टीवरचं सगळं पाणी वरून खाली वाहत गेलं आणि खालच्या आळ्यांत साचलं. पाणी ओसरल्यावर एलिसाच्या फणसाची पानं कडेने करपू लागली. आधी तपकिरी कडा, मग सबंध पान, मग शेंडा. महिना संपायच्या आत फणस वाळून काठी झाला.

आता इथे सांगायला हवं, की स्मृतिवनाला एक नियम होता. ‘ज्या कुटुंबाच्या हयगयीमुळे झाड मरेल, त्यांची पाटी काढून ती जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या कुटुंबास देण्यात येईल.’ मेल्यावरही वेटिंग, यात आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. हा नियम सुधाकररावांनीच मांडला होता, आणि ‘हयगय’ हा शब्दही त्यांनीच सुचवला होता. त्यांच्याच सहीने एलिसाला कळवण्यात आलं, की सप्टेंबरच्या सभेत सेबॅस्टियनच्या पाटीचा निर्णय होईल.

ऑगस्टमध्ये पाऊस गायब झाला. असा गायब, की ढग दिसला तरी लोक फोटो काढायचे. ऊन एप्रिलसारखं. त्यातच सुधाकरराव आणि मनोरमाबाई आठवडाभर मुलाकडे पुण्याला गेले. परत आले तर बकूळ माना टाकून उभी. हिरवी पानं तशीच हिरवी, पण उकडलेल्या भाजीसारखी लोंबणारी. त्यांनी तांब्यामागून तांब्या ओतला. दोन दिवसांत पानं गळली. गंमत म्हणजे बदाम, शेवगा आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं ती करंजाची रोपं मलूल, पण जिवंत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुधाकररावांनी बकूळ उपटली. खणायची तयारी ठेवली होती, पण ती एका हिसक्यात हातात आली. वॉचमनला त्यांनी सांगितलं, हवापालटासाठी वाडीवर नेतोय. रोप पोत्यात गुंडाळून रिक्षात ठेवलं आणि थेट भुईगाव गाठलं.

बेत साधा होता. ताईंकडचं दुसरं रोप आणायचं, त्याच जागी लावायचं, उंची थोडी कमी भरली तर हवापालट मानवला नाही म्हणायचं. अमावास्येला अजून अवकाश होता.

ताई ओट्यावर पानांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी पोतं उघडलं, रोप हातात घेतलं आणि पानांकडे न बघता आधी मुळं बघितली. मग भावाकडे.

“युरिया?”

“थोडासाच.”

“सुधा, वीतभर मुळं आहेत रे याला. वर एवढा डोलारा आणि खाली मूठभर झिपऱ्या. थोडासाच म्हणजे किती?”

सुधाकररावांनी अधलंमधलं काही सांगून बघितलं. ताईंनी ऐकून घेतलं, विद्यार्थी गृहपाठ घरी राहिला म्हणतो ते ऐकावं तसं. मग त्यांना फाटकाशी घेऊन गेल्या. तिथे थोरल्या बकुळीच्या सावलीबाहेर त्या रोपाचं जुळं भावंड उभं होतं. जेमतेम कमरेएवढं, पानं लहान, जाड, थोडी धुळकट. ऊन त्याच्यावरही तेच पडलं होतं. ताईंनी त्याला दोन बोटांनी धरून हलवलं. ते हललं नाही.

“याला पाणी कधी घालतेस?” सुधाकररावांनी विचारलं.

“विसरते,” ताई म्हणाल्या. “मुद्दाम विसरते. नाना नव्हते विसरत? आपल्याला वाटायचं, म्हातारा आळशी आहे. रोपाला एकदा भरपूर पाणी द्यायचे आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसायचे. तहान लागली की मूळ खाली जातं शोधायला. तू त्याच्या तोंडाशी रोज तांब्या धरलास आणि ताटात वाढतच राहिलास. ते कशाला खाली जाईल? वर दाखवायला पानं केली त्याने. जेवढी पानं जास्त, तेवढं पाणी जास्त लागणार. आणि हल्लीचा पाऊस बघतोस ना? एकदम कोसळतो आणि मग महिना महिना तोंड दाखवत नाही. त्या मधल्या दिवसांत रोपाला दुसरं कोणी नसतं रे, फक्त स्वतःचं मूळ असतं.”

सुधाकरराव म्हणाले, की खत सगळेच घालतात. अख्खा तालुका घालतो.

“घालतात ना. तेच तर. तू मुठीने घातलंस, म्हणून तुझं दिसलं. युरियात जे नायट्रोजन असतं, तेच तुमच्या त्या हायवेवरच्या गाड्यांच्या धुरातून उडतं आणि पावसाबरोबर खाली येतं. नाल्यात मैला सोडता, त्यातूनही तेच. आमच्या शेतावरून वाहून जातं तेही तेच. कोणी कोणाला विचारत नाही आणि सगळीकडची रोपं मात्र न मागता जेवतायत. काहींना मानवतं, गवताला तर फारच मानवतं. पण जी काटकसरीने जगणारी झाडं आहेत त्यांचा तोल जातो. वरून बघितलं तर हिरवंगार. मग एक कोरडा महिना येतो आणि हिशेब चुकता करतो.”

त्या थांबल्या. पोत्यातल्या रोपाची माती बोटांनी चुरून बघितली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “जागा उताराची म्हणालास ना? खालच्या अंगाला कोणाचं होतं?”

एलिसाच्या फणसाच्या करपलेल्या कडा, वाळलेला शेंडा, जुलैचं साचलेलं पाणी, सगळं एका ओळीत येऊन सुधाकररावांसमोर उभं राहिलं. रोपासाठी हात पुढे केला होता, तो त्यांनी खिशात घातला. खिशाच्या शिवणीत दोन-चार दाणे अजून होते.

ताईंनी दुसरं रोप दिलं नाही. “यंदा नाही,” म्हणाल्या. “आणि जेवून जा.” ते जेवले नाहीत.

त्या रात्री सुधाकररावांनी मार्ग काढला. जन्मभर त्यांनी मार्गच काढले होते. सभेत आपणच उठायचं, आणि मोठ्या मनाने सांगायचं, की एलिसाची चूक पोटात घालावी, पाटी राहू द्यावी. पाटी वाचेल, कोणाला काही कळणार नाही आणि वर अध्यक्षांचं मन मोठं ठरेल. मनोरमाबाईंना त्यांनी हे सांगितलं. त्या माळ्यावरून काढलेला साखरेचा तो जुना डबा घासत होत्या. “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या आणि डबा पुन्हा एकदा घासला.

रविवारी तळमजल्यावर सभा भरली. जितेंद्रने विषय वाचला. एलिसा शेवटच्या रांगेत बसली होती, ड्यूटीवरून तशीच आलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सुधाकरराव उठले आणि ठरवल्याप्रमाणे बोलले. माणसाच्या हातून चूक होते. नोकरी, घर, दुःख, सगळं सांभाळताना झाडाकडे दुर्लक्ष होऊ शकतं. नियम मी केला असला तरी यावेळी क्षमा करावी, अशी माझी विनंती आहे. भाषण छान झालं. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. जितेंद्र टाळी वाजवणार होता.

तेवढ्यात एलिसा उभी राहिली.

“थँक्यू, अंकल,” ती म्हणाली. “पन मला सांगितलं पाहिजे. दुर्लक्ष नाही केलं मी. माझंच दुसरं चुकलं. अंकल पक्ष्यांना दाणे टाकायचे, ते बघून मी पन फणसाजवळ तांदूळ टाकायला लागले. त्या तांदळाला घुशी आल्या असतील. त्यांनीच मूळ कुरतडलं असेल. मी रोज माझ्या हातानेच…” ती थांबली. “सेबॅस्टियनचं झाड मीच मारलं. पाटी काढायची असेल तर काढा. मला काय बोलायचं नाही.”

आणि ती खाली बसली.

सुधाकरराव अजून उभेच होते. क्षमा करून झालेल्या माणसाने कुठे बघावं, हे त्यांना कळेना. आपल्या थापेवर या बाईने विश्वास ठेवला, आपली नक्कल करून पक्ष्यांना खाऊ घातलं, आणि आता तीच थाप ती स्वतःच्या छातीवर दगडासारखी घेऊन बसली आहे, आणि आपण? आपण तिला माफ करतोय! समोर मनोरमाबाई बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या भाषणाला त्यांनी मान खाली घातलेली सुधाकररावांनी पहिल्यांदाच बघितली.

“ते दाणे नव्हते,” ते म्हणाले.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. जितेंद्र म्हणाला, “काय, काका?”

“पक्ष्यांचे दाणे नव्हते ते. युरिया होता. बदामाच्या पुढे जायचं होतं मला. माझी बकूळ त्यानेच मेली. हवापालटाला वगैरे गेलेली नाही, मेलीय. आणि जुलैच्या पावसात तो सगळा वाहून खाली तुमच्या फणसात साचला, एलिसा. घुशी-बिशी काही नाही. तुमच्या तांदळाने काही झालेलं नाही. फणस मी मारला.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. जितेंद्रने हळूच विचारलं, की हे इतिवृत्तात कसं लिहायचं. सगळे एलिसाकडे बघत होते. ती चिडेल, बोलेल, निदान शिवी तरी देईल, असं सुधाकररावांना वाटत होतं. शिवी मिळाली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे माझ्या तांदळाने नाही मेलं?” तिने विचारलं.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने पिशवीत तोंड लपवलं आणि रडली. सुटका झाल्यासारखी रडली. मग पिशवी उचलून, सुधाकररावांकडे एकदाही न बघता, जिना चढून गेली. त्यांची सगळ्यांत मोठी शिक्षा तीच होती, आणि ती बरेच महिने चालली.

पुढच्या सभेत चषक बंद झाला, प्लंबरकडून उसनी आणलेली टेप त्याला परत गेली आणि हयगयीचा नियम रद्द झाला. सेबॅस्टियनची पाटी जागेवर राहिली. नानांची पाटी काढावी, असा सुधाकररावांनी स्वतःच आग्रह धरला, पण विनयाताईंनी फोनवर निरोप दिला, की पाटी राहू दे, रोप मात्र वर्षभर लावायचं नाही. तशी ती वर्षभर उघड्या मातीत उभी राहिली. पाहुणे आले की विचारायचे, नाव आहे, झाड कुठाय? आणि सुधाकररावांना दर वेळी सांगावं लागायचं, की जास्त खाऊन मेलं. काही हसायचे, काही पुढे विचारायचे. जे विचारायचे त्यांना ते मुळांचं, पावसाचं आणि धुराचं सगळं सांगायचे. नाल्यात थेट सोडलेली मैल्याची लाइन बंद व्हावी म्हणून महापालिकेकडे अर्ज गेला, तो अशाच एका पाहुण्याच्या डोक्यातून निघाला. अर्ज अजून विचाराधीन आहे.

मे महिन्यात एलिसा एकदा आपण होऊन दारात आली. हातात फणसाची आठळी होती. “ताईंना विचाराल का, रोप आणू की हीच पेरू?” ताईंचं उत्तर आलं, की जागेवरच पेर, सोटमूळ सरळ खाली जातं. तिने पेरली. पावसाळ्यात वाडीवरून धाकटी बकूळही आली.

मंडळी, तात्पर्य सांगायचं ते असं. आपण ज्याला माया म्हणतो, तिच्यात पुष्कळदा आपलाच मिरवायचा हव्यास मिसळलेला असतो. आणि आपण जे इकडे फेकतो, नाल्यात, हवेत, मातीत, ते आपल्या कुंपणापाशी थांबत नाही. उतारावरच्या कोणाच्या तरी दारात जाऊन साचतं. पाऊस आता आपल्या सवयीने पडणार नाही. अशा दिवसांत रोपांना आपल्या मुठीची गरज नाही. त्यांच्या मुळांच्या आड आपण येऊ नये, एवढीच गरज आहे.

त्या ऑगस्टमध्येही पाऊस दडी मारून बसला. दुपारी सुधाकरराव तांब्या घेऊन खाली उतरले. फणसाच्या कोवळ्या पानांनी उन्हात माना टाकल्या होत्या, बकुळीचाही शेंडा जरा कललेला. आठवड्याचं भरपूर पाणी दोघांना परवाच घालून झालं होतं. सुधाकररावांनी तांब्या पुढे केला. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एलिसा उभी होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. ते तसेच थांबले. ऊन उतरेपर्यंत पार्किंगच्या कठड्यावर बसून राहिले. संध्याकाळच्या वाऱ्याला पानं आपली आपण वर आली.

ते घरी परतले तेव्हा मनोरमाबाईंनी तांब्यात डोकावून बघितलं. “पाणी परत आणलंत?”

“हो,” सुधाकरराव म्हणाले, आणि ते पाणी स्वतः प्यायले.